पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी आणि अबोल लाल रेघ

'कवि' आणि 'कवी' हे दोन शब्द कोणी मोठ्याने वाचून दाखवले, तर त्यांतला ह्रस्व कोणता आणि दीर्घ कोणता हे मराठी माणसाला केवळ कानाने सांगता येत नाही. शब्दाच्या अखेरीस येणारा इकार-उकार आपण सगळेच लांबवून उच्चारतो. 'गुरु' लिहा की 'गुरू' लिहा, जिभेवर येतो तो एकच उच्चार. हा भेद कागदावर जगतो, डोळ्यांनी शिकला जातो आणि डोळ्यांनीच तपासला जातो. मग ज्याला कागद दिसत नाही, आणि तरीही ज्याला शुद्ध मराठी लिहायचे आहे, त्याने तो कशाने ओळखावा? संगणकावर लिहिणाऱ्या दृष्टिहीन माणसापुढे आज या प्रश्नाचे व्यवहारात एकच उत्तर उरले आहे, ते म्हणजे लेखन-प्रणालीतली शुद्धलेखन तपासणी, ज्याला सगळे स्पेलचेक म्हणतात. पण ही तपासणी आपला निकाल लाल नागमोडी रेघेने देते, आणि रेघ ऐकू येत नाही. ती रेघ बोलती कशी झाली, आणि मराठीच्या बाबतीत, विशेषतः आमच्या सौसर-पांढुर्ण्याच्या मराठीच्या बाबतीत, ती अजून अडखळत का बोलते, याचा इतिहास आम्ही येथे मांडत आहोत.

सुरुवात छापखान्याच्या आधीपासून करावी लागेल. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आमच्या भागाचा दप्तरी कारभार मोडीत चाले. मोडीत इकाराला एक खूण आणि उकाराला एक खूण. ह्रस्व-दीर्घाचा भेद लिहिणारा पाळत नसे आणि वाचणारा मागत नसे. संदर्भावरून शब्द लागत असे. बालबोध लिपीच्या पोथ्यांत हा भेद दिसतो, पण तोही लेखकूगणिक बदलतो. दप्तरातील मोडी कागदावर कोणी 'अशुद्ध' म्हणून बोट ठेवल्याचे आमच्या वाचनात नाही. याचा अर्थ असा की ज्या काळी आमच्या मराठीला राजसत्ता होती, त्या काळी ती वेलांटीच्या बाबतीत जवळजवळ कानाची भाषा होती.

डोळ्यांची भाषा ती झाली छापखान्यामुळे. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली, आणि पुढे मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली निघालेल्या शालेय पुस्तकांनी शब्दाचे एकच रूप बरोबर, बाकीची चूक, ही कल्पना घरोघर पोचवली. त्यानंतरचे शतक अनुस्वार आणि वेलांटी यांच्या वादात गेले. मराठी साहित्य महामंडळाने केलेले १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली, आणि आज प्रमाण मानले जाणारे १८ नियम पुरे झाले.

या नियमांतील एक आमच्या विषयाच्या मुळाशी आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले इकारान्त-उकारान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहावेत, असा तो नियम. म्हणून कवी, बुद्धी, शांती, वस्तू, मृत्यू. मात्र समासात असा शब्द आधी आला की मूळ ह्रस्व परततो: कवी, पण कविराज, बुद्धी, पण बुद्धिवैभव. शिवाय 'आणि', 'परंतु', 'तथापि' यांचा शेवट ह्रस्वच राहतो. हिंदीने मात्र संस्कृताचा ह्रस्व तसाच ठेवला: कवि, बुद्धि, शांति, वस्तु, मृत्यु. लिपी एक, शब्द एक, अर्थ एक, आणि शेवटची वेलांटी उलटी.

महाराष्ट्रातल्या मुलाला ही गोष्ट परीक्षेपुरती कळली तरी चालते. आमच्याकडे ती रोजच्या जगण्यात आहे. १९५० च्या राजभाषा कायद्याने तेव्हाच्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याबरोबर सौसर, पांढुर्णा, लोधीखेडा ही मराठी गावेही राहिली. नव्या राज्याची राजभाषा हिंदी ठरली. तेव्हापासून आमच्या पाट्यांवर, दाखल्यांवर, बसच्या फलकांवर 'शांति' आहे आणि घरातल्या पत्रात 'शांती'. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी वेलांटीची स्थिती बदलली नाही. डोळस मुलगा दोन्ही रूपे पाहतो, गोंधळतो आणि कालांतराने निवड करायला शिकतो. जे मूल पाहत नाही, त्याला गोंधळण्याचीसुद्धा संधी मिळत नाही. त्याच्यापर्यंत दोन्ही रूपे एकाच आवाजात पोचतात.

तरी एक काळ असा होता की त्या मुलाची वेलांटी त्याच्या स्वतःच्या बोटांत होती. हा काळ ब्रेलचा. लुई ब्रेलने आपली लिपी १८२९ साली प्रसिद्ध केली. भारतात अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली, आणि मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी शाळा सुरू केली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून नावारूपाला आली. त्या वेळी देशात वेगवेगळ्या भाषांसाठी वेगवेगळे बिंदुसंकेत चालत. स्वातंत्र्यानंतर युनेस्कोच्या साहाय्याने त्यांचा मेळ घालण्यात आला आणि १९५१ मध्ये भारती ब्रेल सिद्ध झाली. सर्व भारतीय भाषांतील सारख्या ध्वनीला सारखे बिंदू, हे तिचे सूत्र.

भारती ब्रेलमध्ये ह्रस्व 'इ' म्हणजे दुसरा आणि चौथा बिंदू. दीर्घ 'ई' म्हणजे तिसरा आणि पाचवा. ह्रस्व 'उ' पहिला, तिसरा, सहावा. दीर्घ 'ऊ' पहिला, दुसरा, पाचवा, सहावा. बोटाखाली या चौघांत गल्लत होणे नाही. 'ल' आणि 'ळ', 'न' आणि 'ण' हेही तितकेच वेगळे. म्हणजे ब्रेल पुस्तक वाचणारा विद्यार्थी प्रत्येक शब्दाबरोबर त्याचे लेखनही वाचत असे. डोळस मुलगा पान पाहून नकळत शुद्धलेखन शिकतो, तसाच हा बोट फिरवून नकळत शिकत असे. छापील लिपीत 'ि' ही खूण व्यंजनाच्या आधी काढावी लागते आणि उच्चारात मात्र नंतर येते, ही लहान मुलाला सतावणारी विसंगतीही ब्रेलमध्ये नाही; तिथे इकार व्यंजनानंतरच येतो.

'ळ'चा उल्लेख मुद्दाम केला. आमच्या वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या बोलीत डोळा 'डोया' होतो आणि शाळा 'शाया'. ज्या मुलाने भाषा फक्त कानाने घेतली, त्याला 'शाळा' या शब्दात 'ळ' आहे हे कोण सांगणार? ब्रेलचे पुस्तक सांगत होते. पण पुस्तकेच थोडी, जाडजूड, आणि मराठीतली तर त्याहून थोडी. ध्वनिफितींनी ती तूट भरून काढली असे म्हणतात. खरे आहे, ज्ञानाची तूट भरली, लेखनाची वाढली. ऐकून शिकलेल्या पिढीच्या कानात मजकूर पुष्कळ आला, पण त्या मजकुराची अक्षरे आली नाहीत. परीक्षेला लेखनिक मिळे, आणि उत्तरपत्रिकेतली वेलांटी विद्यार्थ्याची न राहता लेखनिकाची होई. चांगला लेखनिक मिळाला तर गुण, नाहीतर नशीब.

संगणक आला तेव्हा तो हे परत देईल अशी आशा होती. इंग्रजीपुरती ती लवकर खरी ठरली. अपघातात दृष्टी गमावलेले टेड हेंटर हे मोटारसायकल शर्यतपटू आणि अभियंते. त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये 'जॉज' नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, डॉससाठी आणला. विंडोजसाठीची त्याची आवृत्ती १९९५ च्या प्रारंभी आली. आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या वर्ड ९५ मध्ये, टंकताटंकता चुकलेल्या शब्दाखाली उमटणारी लाल नागमोडी रेघ प्रथम दिसली. पडदा बोलू लागला त्याच वर्षी पडद्यावर एक न बोलणारी खूण अवतरली.

स्पेलचेक त्याआधीही होते. स्टॅनफर्डमध्ये राल्फ गोरिन यांनी १९७१ मध्ये केलेला 'स्पेल' हा कार्यक्रम या घराण्यातील एक मूळपुरुष. ही जुनी तपासणी आधी मजकूर पुरा होऊ देई, मग एकेक संशयित शब्द पुढे ठेवून विचारी. अंध माणसाला ही रीत गैरसोयीची नव्हती. शब्द पुढे येई, तो वाचला जाई, उत्तर दिले जाई. आजही वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये एफ-७ दाबले की तीच जुनी रीत हाती येते. लाल रेघेची रीत निराळी. ती विचारत नाही, फक्त दाखवते. मजकुराच्या साठ्यात रेघ कुठेच नसते. ती फक्त पडद्यावर काढलेली असते. स्क्रीन रीडर मजकूर वाचतो, चित्र वाचत नाही.

म्हणून रेघेला आवाज द्यायचा तर लेखन-प्रणालीने प्रत्येक चुकलेल्या शब्दाबरोबर 'हा शब्द सदोष आहे' अशी एक अदृश्य चिठ्ठी ठेवायला हवी आणि स्क्रीन रीडरने ती उचलायला हवी. वर्डच्या बाबतीत स्क्रीन रीडर वर्डच्या अंतर्गत रचनेलाच विचारून हे साधत. मुक्त प्रणालींसाठी आयबीएमने २००६ मध्ये 'आय-ॲक्सेसिबल-टू' हा संकेत खुला केला. शब्दाची अवस्था 'अवैध' आणि तीही 'लेखनदृष्ट्या' अवैध, हे सांगण्याची सोय त्या संकेतात आहे. हीच दिशा पुढे विंडोजच्या नव्या सुगम्यता-व्यवस्थेने आणि संकेतस्थळांच्या मानकांनीही घेतली. त्याच २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' हा विनामूल्य, मुक्त स्क्रीन रीडर लिहायला घेतला; जेम्स टेह त्याला येऊन मिळाले. आज आमच्यासारख्या भागात कोणाच्या संगणकावर स्क्रीन रीडर असेलच, तर बहुधा हाच असतो, कारण त्याला पैसे पडत नाहीत. कर्सर चुकलेल्या शब्दावर गेला की तो शब्दाआधी 'लेखनचूक' अशी सूचना बोलतो, आणि टंकताना चूक झाली तर गुरगुर असा छोटा ध्वनी करण्याची सोयही त्यात आहे. इथे इंग्रजीची गोष्ट बहुतांशी संपते.

मराठीची गोष्ट इथे सुरूही झाली नव्हती, कारण मराठी मजकूर मुळात मराठी मजकूर नव्हता. वाचकहो, जुन्या डीटीपीच्या दिवसांतली एखादी धारिका उघडून पाहा. महाराष्ट्रात श्रीलिपी आणि आकृती, आमच्या मध्य प्रदेशात कृतिदेव. या फाँटांमध्ये देवनागरी अक्षर हे रोमन अक्षराला घातलेले सोंग असते. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द संगणकाच्या दृष्टीने ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरे आहेत. 'हिन्दी' म्हणजे एफ, जी, कॅपिटल यू, एन, एच. डोळ्याला सुरेख देवनागरी दिसते. स्क्रीन रीडर मात्र 'ईजेकेबीएच' असे काहीतरी खरखरतो, आणि इंग्रजी स्पेलचेक पानभर लाल रेघा ओढतो. तहसिलीपासून पत्रिका छापणाऱ्या दुकानापर्यंत आमच्याकडचा सारा देवनागरी कारभार वर्षानुवर्षे याच फाँटांत झाला, आणि अजून पुरता सुटलेला नाही. दृष्टिहीन वाचकाला त्या कागदपत्रांची दारे बंद होती असे म्हणणेही अपुरे आहे. त्याच्यासाठी ती कागदपत्रे मराठी किंवा हिंदीत नव्हतीच.

पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्र आणि इस्की हा संकेत यांच्या द्वारे याला पर्याय दिला होता. इस्की १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह आली. विंडोज २००० पासून घरच्या संगणकावर खरी देवनागरी लिहिता येऊ लागली. 'ि' ला स्वतःचा क्रमांक मिळाला, 'ी' ला स्वतःचा. ब्रेलप्रमाणे इकार पुन्हा व्यंजनानंतर आला. जोनाथन डडिंग्टन यांच्या 'ईस्पीक' या मुक्त वाचाप्रणालीत मराठी आवाज आला आणि एनव्हीडीएबरोबर तो फुकट मिळू लागला. आवाज यंत्रासारखाच, पण मराठी. अंध माणसाने स्वतः मराठी टंकावे आणि स्वतः ऐकावे, हे शक्य झाले.

आणि नेमके तेव्हाच जुना प्रश्न उघडा पडला. यंत्र 'कवि' वाचते आणि 'कवी' वाचते. ऐकणाऱ्याला फरक कळण्याची शाश्वती नाही. बोटांनी जे धरले होते ते कानांतून गळाले. ब्रेल पट्टीचे उपकरण जोडले, तर मजकूर पुन्हा बिंदूंत मिळतो, आणि मराठी ब्रेलची सोय एनव्हीडीएमध्ये आहेही; पण ते उपकरण आमच्या भागातल्या शेतकरी घराच्या आवाक्यातले नाही. मग उरते स्पेलचेक.

इथे हंगेरीचा उल्लेख करायला हवा. लास्लो नेमेथ यांनी हंगेरियन भाषेसाठी 'हनस्पेल' ही तपासणी-प्रणाली रचली. २००६ मध्ये ती ओपनऑफिसने घेतली, आणि पुढे लिब्रेऑफिस व फायरफॉक्समध्येही तीच आली. इंग्रजीला शब्दांची यादी बहुतेक पुरते. हंगेरियनला पुरत नाही, कारण तिथे शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय चिकटतात. मराठीचे दुखणे तेच आहे. मूल, मुलाला, मुलांच्या, मुलांसाठीसुद्धा. 'मूल' मधला दीर्घ ऊकार सामान्यरूपात ह्रस्व होतो, 'मूलाला' चूक. फूल, फुलाचा, बहीण, बहिणीला, पाऊस, पावसात. हिंदीत 'फूल को', 'फूल का'. शब्द जागचा हलत नाही. म्हणून मराठीचा तपासणी-कोश म्हणजे शब्दांचा ढीग नव्हे. त्यात सामान्यरूपाचे व्याकरण ओतावे लागते. स्वयंसेवकांनी हनस्पेलसाठी मराठी कोश उभा केला, मायक्रोसॉफ्टच्या मराठी पूरक संचातही तपासणी मिळते. ज्यांनी हे केले त्यांचे ऋण मोठे आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. वाळंबे आणि अरुण फडके यांची शुद्धलेखनाची पुस्तके घरोघर गेली. कोशाच्या धारिकेत नियम लिहिणारा मात्र कोणाच्या आठवणीत राहत नाही.

तरी अपुऱ्या कोशाचा त्रास डोळसाला आणि अंधाला सारखा होत नाही. बरोबर लिहिलेल्या 'घरासमोरच्यांना' या शब्दाखाली लाल रेघ आली, तर डोळस माणूस ती पाहून न पाहिल्यासारखी करतो. ऐकणाऱ्याला तसे करता येत नाही. प्रत्येक खोट्या इशाऱ्याला त्याचा तेवढा वेळ जातोच. 'लेखनचूक' हा शब्द कानातून गेल्याशिवाय पुढचा शब्द येत नाही. ओळीत चारदा तो ऐकला की माणूस ती सूचनाच बंद करून टाकतो, आणि मग खऱ्या चुकाही गप्प होतात.

दुसरी अडचण याहून विलक्षण आहे. समजा, कोश उत्तम आहे. 'कवि' हा शब्द त्याने पकडला आणि एफ-७ च्या चौकटीत सुचवले 'कवी'. स्क्रीन रीडर काय बोलेल? 'शब्दकोशात नाही: कवी. सुचवण: कवी.' ऐकणारा बुचकळ्यात! इंग्रजीसाठी जॉजने ही अडचण जुन्या काळीच सोडवली होती; चौकटीतला चुकलेला शब्द आणि सुचवलेला शब्द, दोन्ही तो आधी सलग आणि मग एकेक अक्षर सुटे करून वाचतो. मराठीत तेच हवे, पण सुटे अक्षर वाचताना 'ि' आणि 'ी' या खुणांना वेगवेगळी नावे असतील तरच त्याचा उपयोग. नाहीतर सुटे करूनही कानावर 'क, व, ई' आणि 'क, व, ई' एवढेच पडते. आणि ही नावे आपल्याकडे कधीची तयार आहेत. शाळेत गुरुजी शुद्धलेखन सांगताना काय म्हणत? पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी. पहिला उकार, दुसरा उकार. न दिसणारा भेद कानाने पोचवण्याची ही रीत मराठी शाळेने फळा-खडूच्या काळातच घडवली. यंत्राने 'स्वरचिन्ह आय' म्हणावे की 'ह्रस्व इकार' म्हणावे यावर चर्चा होत असतात. आमचे मत गुरुजींच्या बाजूने आहे. पहिलीतल्या मुलाला जी नावे कळतात, तीच यंत्राने घ्यावीत.

तिसरी अडचण खास आमच्या भागाची, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. संगणकाला देवनागरी ओळखता येते, पण ती मराठी आहे की हिंदी, हे त्याला सांगावे लागते. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला भाषेचा शिक्का असतो. विंडोजच्या जुन्या क्रमांकपद्धतीत हिंदीचा १०८१, मराठीचा ११०२. शिक्का बहुधा कीबोर्डावरून उमटतो. आमच्याकडे संगणक विकणारा, बसवून देणारा, शिकवणारा, सगळे हिंदी कीबोर्ड घालून देतात. 'देवनागरी म्हणजे हिंदी' हे त्यांच्या लेखी गृहीत असते. लिब्रेऑफिसमध्ये तर भारतीय लिप्यांच्या मजकुराची मूलभूत भाषा पर्यायांत जाऊन स्वतः निवडावी लागते, आणि तिथे आधीच हिंदी बसलेली सापडणे नवलाचे नाही.

या एका शिक्क्याने दोन गोष्टी ठरतात: तपासणीला कोणता कोश लागेल, आणि स्क्रीन रीडर कोणत्या आवाजात वाचेल. शिक्का हिंदीचा असेल तर मराठी वाक्य हिंदी कोशापुढे उभे राहते. 'आहे' चूक, 'नाही' चूक, 'माझ्या' चूक. 'शांती' चूक आणि 'शांति' बरोबर! डोळस माणसाला पान लाल झालेले दिसते आणि काहीतरी बिघडल्याचे एका क्षणात कळते. अंध माणसाला फक्त आवाज ऐकू येतो, तोही हिंदी वळणाचा, 'ळ' चाचपडणारा, 'चार' आणि 'चाक' यांतला 'च' सारखाच उच्चारणारा. आणि तो आवाज एकामागून एक शब्दांवर 'चूक' म्हणत जातो. आपले मराठीच अशुद्ध आहे, असे एखाद्या विद्यार्थ्याला वाटले, तर त्याला दोष कसा द्यावा? ज्या राज्यात त्याच्या भाषेला कार्यालयात जागा नाही, तिथे यंत्रही तेच सांगू लागते. १९५६ मध्ये जे दप्तरांत झाले, ते आता त्याच्या टेबलावर दर ओळीला होते.

कायद्यात आधार नाही असे नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे, हे घटनेच्या ३५०-क अनुच्छेदात १९५६ पासून आहे. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ चा. माहिती-तंत्रज्ञान सुगम असावे, हे त्याच्या ४२ व्या कलमात आहे. परीक्षेत ब्रेल किंवा संगणक निवडण्याची मुभा २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी दिली. पण पहिली तरतूद भाषेच्या खात्याकडे, दुसरी समाजकल्याणाकडे, तिसरी परीक्षा मंडळाकडे. सौसर तालुक्यातले अंध मराठी मूल या तिघांच्या मधल्या फटीत उभे आहे. सीमाभागाच्या मागण्यांत आम्ही शाळा मागतो, पाट्या मागतो, शिक्षक मागतो. त्या यादीत यापुढे हेही असावे: दृष्टिहीन विद्यार्थ्याला शासनाकडून मिळणाऱ्या संगणकावर मराठी कीबोर्ड, मराठी आवाज आणि मराठी कोश आधीच बसवलेले असावेत. पहिल्या दोन गोष्टींना आणि मुक्त कोशाला एक पैसाही लागत नाही. लागतो तो बसवणाऱ्याचा अर्धा तास, आणि ही वेगळी भाषा आहे हे त्याने मान्य करणे.

तोवर हाताशी असलेले काम सांगतो. आमच्या गावाचे नाव मराठीत 'लोधीखेडा'. हिंदीत 'ड'खाली बिंदू: 'लोधीखेड़ा'. हा बिंदूवाला 'ड़' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो, एकसंध एक चिन्ह म्हणून किंवा 'ड' आणि नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. म्हणजे एका गावाच्या नावाची तीन रूपे, त्यांतली दोन डोळ्यालाही वेगळी दिसत नाहीत. अशा ठिकाणी डोळस आणि अंध सारखेच आंधळे, फक्त कोशच निवाडा करू शकतो. जामसावळीचे हिंदीत 'जामसांवली' होते, पिपळ्याचे 'पिपला'. 'ळ' सीमेवर गळतो. म्हणून आम्ही सौसर, पांढुर्णा, लोधीखेडा, रामाकोना, मोहगाव, बोरगाव, पिपळा, जामसावळी या गावांची यादी मराठी कोशासाठी करायला घेतली आहे, प्रत्येक नाव त्याच्या सामान्यरूपासह: पांढुर्णा, पांढुर्ण्याला, पांढुर्ण्यातला, लोधीखेडा, लोधीखेड्याला, लोधीखेड्याहून. ज्यांना आपल्या गावाचे, वाडीचे, नाल्याचे मराठी नाव खात्रीने ठाऊक आहे, त्यांनी ते कळवावे. कळवताना शक्य तो युनिकोडमध्ये लिहावे, आणि वेलांटी पहिली की दुसरी, ते शब्दांत सांगावे.